टाकी वाजवून पाहिली त्याविषयी

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

मुक्काम शिरूर अनंतपाळ

राजमान्य राजश्री जावईबापू वीरभद्रप्पा यांस महादेवप्पाचे सप्रेम शरणार्थ. आपण पुण्यात कुशल असाल व चि. सौ. गंगम्माचा खोकला उतरला असेल, अशी आशा करतो. इकडे आम्ही उभयता आहोत. याहून अधिक सांगण्यासारखी प्रकृती यंदा गावात कोणाचीच नाही.

पत्रास कारण की, सोसायटीत जागा नसल्याने आपण आमच्या अंगणात ठेवलेली फिरत्या घराची गाडी सुस्थितीत आहे. जावयाच्या वस्तूविषयी तक्रार करण्याचा मला अधिकार नाही व मी ती करीतही नाही. केवळ कळवितो की, टाकीत पाणी किती हे दर्शविणारे तिच्यातील चारही हिरवे दिवे अहोरात्र जळतात व रस्त्यावरून काचेतून स्पष्ट दिसतात. आपला नवा जिल्हा (मी अजून नवाच म्हणतो, उस्मानाबादेपासून वेगळा निघाला तेव्हा कागद वाटून मिळाले, पाणी मिळाले नाही) सध्या टँकरवर तग धरून आहे. टँकरची पाळी लावणारे सटवाजी यांनी हे दिवे पाहून आमचे नावच वगळले. कारण विचारता म्हणाले, "काका, दारात टाकी डबाडब हाय, अन् तुम्ही हितं घागर घेऊन कशाला उभारलाव?"

मी गाडीतील नळ सोडून पाहिला. घरघर झाली, थेंब आला नाही. म्हणजे टाकी रिकामी व दिवे खोटे. दिव्यांवर टॉवेल टाकला, तर काका साठा झाकू लागले अशी बोलवा उठली. बॅटरीची तार सोडवून दिवे विझविले, तर काकांनी पाणी कोठेतरी हलविले असे ठरले. तार पुन्हा जोडली. गाडीसोबतच्या पुस्तिकेत (शेजारच्या गुरुजींनी अर्थ सांगितला) असे आहे की, टाकीतील पाणी मोजणाऱ्या दांड्यांवर क्षार बसल्यास दिवे चुकतात. तेव्हा टाकी पाण्याने भरून, लिंबूसत्त्व घालून, गाडी फिरवावी. लिहिणाऱ्या गृहस्थांनी आमचा तालुका पाहिलेला नसावा.

अखेरीस मी माझी विद्या वापरली. करडईच्या तेलाच्या दुकानात माझी हयात गेली, हे आपण जाणता. डबा बोटाने वाजवून आत तेल किती हे मी सांगत असे व काटा मागाहून होकार देत असे. सटवाजी व गल्लीतील मंडळींस गाडीत बोलाविले (चपला बाहेर काढावयास लावल्या) व बिछान्याखाली, जेथे टाकी आहे, तेथे बोट वाजविले. ठणठणीत पोकळ. सर्वांनी आळीपाळीने कान लावले. सटवाजी वरमले. माझा शब्द राहिला व आमचे नाव पाळीत परत आले. इतकेच नव्हे, तर हुकलेल्या पाळ्यांपोटी गल्लीतील सरजाबाईंनी, घरात बाळंतीण असताना, स्वतःच्या वाट्याची घागर आमच्या ओट्यावर आणून ठेवली. तरी असे खोटारडे दिवे दुरुस्त करण्यास माणूस धाडावा, ही विनंती. आमच्यावरील लोभ उन्हाळ्यात आटू देऊ नये.

आपला,
महादेवप्पा

ता. क. माणूस धाडू नये. पत्र पाकिटात घालण्यापूर्वी आमच्या सौ. रत्नम्माने गाडीतील गादीला ऊन द्यावे म्हणून ती उचलली. खाली झाकण, झाकणाखाली टाकी, टाकीत गळ्याशी पाणी. मी वाजविली ती बाहेरची फळी होती. टाकी तिच्यामागे वीतभर आत आहे. नळाचा पंप बिघडला असावा, दिवे निर्दोष आहेत. आता सरजाबाईंच्या तोंडासमोर उभे राहण्याची मला सोय उरली नाही. तरी आपण स्वतः यावे व गल्लीसमक्ष एवढेच म्हणावे की, टाकी मी पुण्याहून भरून आणली होती, मामांस सांगावयाचे राहिले. (हे खोटे नाही.) चूक जावयाची निघाल्यास गल्ली हसून सोडून देते, सासऱ्याची निघाल्यास पुढील पिढीसही सांगते.

ता. क. दुसरे. आपण येण्याची तसदी घेऊ नये. रत्नम्मा सरजाबाईंची घागर भरून परत करावयास गेली, ती येताना सगळी गल्ली घेऊन आली. काय घडले ते तिने कोणी न विचारता सर्वांस सांगितले आहे. मी हे लिहीत असता मंडळी तांब्याने पाणी उपसत आहेत. सटवाजींनी आताच खिडकीतून आवाज दिला, "काका, कोरड्या टाकीचं पाणी लई गार हाय वो!" मी ऐकले नाही असे दाखविले. मात्र रांग फारच वाकडी झाली आहे. ती सरळ करावयास उठतो.