आजीच्या धवल्यांना घातलेलं कुलूप

कोलशेत गावठाण, ठाणे
रविवार, दुपारची जेवणं उरकल्यावर

सौ. नयनआत्यास,

कल्पिताचा कोलशेतहून वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? ते तुझे डोंबिवलीचे डॉक्टर जिने चढू नका म्हणतात आणि स्वतःचा दवाखाना तिसऱ्या मजल्यावर थाटतात. त्यांनी निदान लिफ्ट तरी दुरुस्त करून घेतली का? महिपतकाकांना नमस्कार सांग. इकडे सगळे खुशाल आहेत. आजीचं बीपी माझ्यापेक्षा बरं आहे. फोन असताना ही पोरगी पत्र का लिहितेय, असं तुला वाटेल. पण सध्या घरातलं महत्त्वाचं काहीही फोनातून पाठवायचं नाही असा आजीचा हुकूम आहे, म्हणून हे पाकीट कमलेशदादा उद्या हातोहात आणून देईल. डिंक आजी स्वतः लावणार आहे (ती दोनदा लावते, उघडताना कात्री घे).

हा हुकूम का निघाला, तेच सांगायला बसलेय. गेल्या दिवाळीनंतर मी आजीचे धवले, म्हणजे तिची सगळी लग्नगाणी, लिहून काढायला घेतले. तुला काय सांगायचं, तू तर ते ऐकतच वाढलीस. मिठागरात मीठ ओढता ओढता तिच्या आईने तिला शिकवले, आणि मांडव घालण्यापासून नवरी पाठवण्यापर्यंतचं सगळं लग्न तिच्या डोक्यात आहे. कागदावर एक ओळ नाही, कारण लिहिता येत नाही. सत्तर वर्षं कोलशेतपासून कल्याणपर्यंतच्या मांडवांत तिने धवलारीण म्हणून हे गायलं, आणि मला भीती वाटली की हे सगळं तिच्याबरोबरच जायचं. म्हणून मी फोनवर बोललेलं आपोआप टाइप करणारं बटण दाबायचे आणि फोन तिच्या तोंडासमोर धरायचे. फोनला आपली आगरी बोली कळेना. आजी ‘मांडवाची मेढ’ गायली की तो ‘मांडवाची मेट्रो’ लिहायचा (आमच्या भागात राहून त्याला तरी दुसरं काय सुचणार). मग दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबा खाता खाता मी चुका दुरुस्त करायचे. असे एकशे बारा धवले झाले. मी ते मोठ्या अभिमानाने आजीला स्क्रीनवर दाखवले. ती बघत राहिली आणि म्हणाली, “हे कोनाकोनाला दिसतंय?”

आता हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला गेला, कारण ठाण्याच्या ऑफिसात माझं कामच ते आहे. कुठली फाइल कोणी वाचायची, कोणी बदलायची आणि कोणी तिच्या आसपासही फिरकायचं नाही, हे मी ठरवून देते. मी आजीला पाऊण तास समजावलं. वाचायची परवानगी वेगळी, शेरा मारायची वेगळी, बदल करायची वेगळी. शेऱ्याचं ऐकल्यावर ती उखडली. तिच्या धवल्यांवर शेरा मारणारी बाई अजून जन्माला यायची आहे म्हणे. पण कुलपाची कल्पना तिला फार आवडली. “उघरं टाकलंस त गावाच्या म्हशी येऊन चरतील,” एवढं बोलून तिने कुलूप घालायला लावलं. यादीत दोनच नावं ठेवली, एक माझं आणि दुसरं तिच्या मागे झील धरणाऱ्या हिराकाकूचं.

बातमी फुटायला काय लागतं? महिन्याभरात परवानगीच्या विनंत्या येऊ लागल्या. विनंती आली की माझ्या फोनवर नाव दिसायचं, मी आजीला सांगायचे, आणि आजी विचारायची, कोणाची लेक, कोणाची सून, आणि तोंड दाखवायला का येत नाही? तिच्या मते परवानगी मागणारं माणूस दाराशी उभं असतं आणि त्याला चहा न विचारता हो किंवा नाही म्हणणं हे संस्कारात बसत नाही. त्यामुळे बटण दाबून दोन सेकंदांत होणारं काम आमच्याकडे ओटीवर बसून दोन तास चालायचं. बायका रिक्षा करून यायच्या, चहा प्यायच्या, एक धवला म्हणून दाखवायच्या आणि बहुतेक नापास होऊन जायच्या. कॉलेजातले महेंद्रसर अभ्यासासाठी म्हणून आले, त्यांनाही आजीने गायला लावलं. बिचारे घामाघूम होऊन चार ओळी गायले. आजीने निकाल दिला की यांना वाचू दे, पण गाऊ देऊ नको. (अशी सोय कुठल्याच कंपनीने केलेली नाही. मी सरांकडून तोंडी कबुली घेतली.)

आता माझा गुन्हा. कोपरीला एका हळदीत आजीचा घसा बसला आणि हिराकाकूला एकटीने गायची वेळ आली. तिला अर्धे धवले पाठ नाहीत. तिने फोन काढला तर फाइल उघडेना, कारण तिचा ईमेल मुलाच्या नावावर, मुलाचा पासवर्ड सुनेकडे आणि सून माहेरी. नवरी पाटावर बसलेली, हळद कालवलेली, सगळ्या बायका माझ्याकडे बघतायत. मी ऑफिसात इतरांना जे कधीच करू नका म्हणून दरडावते तेच केलं. ‘लिंक असलेल्या कोणालाही दिसेल’ असं ठेवलं आणि लिंक हिराकाकूला धाडली. घरी गेल्यावर लगेच बंद करू म्हटलं. घरी गेले, पाय शेकले, झोपले. आत्या, मी ते सतरा दिवसांनी बंद केलं. तोवर हिराकाकूने ती लिंक हात जोडलेल्या चित्रासकट तिच्या माहेरच्या, सासरच्या आणि भिशीच्या ग्रुपवर टाकली होती. आजीला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

मग आलं कल्याणकडचं लग्न, बाबांच्या मित्राच्या मुलाचं. आम्ही पाहुणे म्हणून गेलेलो. मांडवात त्यांच्याकडची धवलारीण गोमीबाई बसलेली, साठीची, किरकोळ अंगाची. गाताना मान सारखी खाली. पदराखाली उजेड दिसला तेव्हा मला कळलं की बाई फोनवर बघून गातेय, आणि दुसऱ्या कडव्याला हेही कळलं की फोनवर आमचीच फाइल आहे. आजी माझ्या शेजारी अगदी स्वस्थ बसलेली. हळदीचा धवला लागला:

हलद दलिली गो सात जात्यांवरी
पिवली झाली गो मांडवाची मेढ

आणि त्याच चालीत, त्याच भक्तिभावाने गोमीबाईने पुढची ओळ उचलली:

अगो मांजरीनी दुधान तोंड घातलान
हाकल गो मेलीला, हाकल तिला

मागच्या पंधरा बायकांनी ती ओळ दोनदा म्हटली. नवऱ्याच्या आत्याने डोळे पुसले. मला मात्र तो दिवस आठवला. आजी हा धवला गात असताना आमची मांजर खरंच दुधाच्या पातेल्यात तोंड घालत होती, आजी ओरडली, मी मांजरीमागे धावले आणि फोन इमानदारीत टाइप करत राहिला. नंतर चुका काढताना मला वाटलं, हळदीच्या गाण्यात दूध असणारच. (आजी ओरडते तेही चालीत, यात माझा काय दोष?)

आजी उठली. तिला ओळखणाऱ्या चार बायकांनी आपापली पोरं जवळ ओढली. ती सरळ गोमीबाईसमोर जाऊन बसली, तिच्या पदराखालचा फोन काढून पालथा ठेवला आणि पुढची खरी ओळ स्वतः उचलली. गोमीबाई आधी अडखळली, मग मागे लागली. दोघींनी मिळून हळद पुरी केली. मांडवात कोणाला काही कळलं नाही, उलट दोन-दोन धवलारणी आणल्या म्हणून यजमानांचं कौतुक झालं.

जेवणाच्या पंगतीनंतर आजीने तिला मांडवामागे गाठलं. मी मध्ये पडायच्या तयारीने उभी. आजी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “धवले चोरलंस त चोरलंस. माजी मांजर कनाला चोरलीस गो?”

गोमीबाई आधी रडली आणि मग दोघी इतक्या हसल्या की आचारी बघायला आला. मग तिने सांगितलं की दोन वर्षांपूर्वी मोठ्या तापातून उठली आणि निम्मे धवले डोक्यातून पुसले गेले. गाणं सुटलं तर मांडवात कोण बोलावणार, म्हणून कोणाला बोलली नाही. हिराकाकूच्या ग्रुपवरून फिरत आलेली फाइल तिने फोनमध्ये उतरवून ठेवली, आणि तेव्हापासून सगळ्या लग्नांत पदराखाली फोन आणि छातीत धडधड. मला वाईट वाटलं आणि मीही तिथेच माझ्या सतरा दिवसांची कबुली देऊन टाकली. आजीने माझ्याकडे असं बघितलं की तो हुकूम तिथेच निघाला.

पण ऐक तर. परतताना आजीने रिक्षात मला विचारलं की ती बदल करायची परवानगी म्हणतात ती कशी देतात. आता गोमीबाई दर बुधवारी येते. तिच्या डोक्यात जे उरलं त्यात आजीने कधीच न ऐकलेले तेवीस धवले निघाले, ते मी लिहून घेतेय (मांजरीला बाहेर घालवून आणि दार लावून). फाइल आता एकशे पस्तीसवर गेली. दोघी शब्दाशब्दावर भांडतात. आजीच्या धवल्यांवर शेरा मारणारी बाई शेवटी जन्माला आली म्हणायची.

बाकी विशेष नाही. गुडघ्याला जप, काकांना गोड कमी दे, आणि मोठ्यांच्या पायांवर डोकं, लहानांच्या डोक्यावर टपली.

तुझीच भाची,
कल्पिता

ता. क. : तुझी विनंती मला मंगळवारी मिळाली. उर्वीच्या हळदीला धवले हवेत, समारंभ सांभाळणाऱ्या कंपनीची मुलगी माइकवर वाचून गाईल, असं तू लिहिलंयस. मी ते आजीला वाचून दाखवलं. कोणाची लेक, असं तिने या खेपेला विचारलं नाही. “माजीच,” एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला उठली. भांडी घासलेली होती.

ता. ता. क. : आत्या, तू शब्द मागितलेस, तिला नाही मागितलंस. हॉल मोठा, एसी गार, तिचं वय झालं, जागरण नको, हे सगळं तुझ्या मनात असणार, मला ठाऊक आहे. पण तिला फक्त एवढंच कळलं की नातीच्या हळदीला आपण नको आहोत. एकदा फोन करून ‘आये, तूच ये’ म्हण. माइक तिला लागत नाही.

आणखी एक : हे तुला कळवायचं नाही अशी तिने मला शपथ घातलीय, तेव्हा मी काही कळवलेलं नाही. तुझ्या विनंतीला मी अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. तिचं हिरवं लुगडं मात्र काल इस्त्री होऊन आलं.