ठकीचा कान आणि माझा स्क्रूड्रायव्हर

३ ऑगस्ट
नातीला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे दाखवण्याचा खरा खर्च : फी एकदाच गेली. पण अर्धा दिवस वर्कशॉप बंद, एक गिऱ्हाईक पंप उचलून समोरच्याकडे गेलं, आणि परतीच्या वाटेवर सूनबाईंनी गाडीत तोंडातून शब्द काढला नाही. ते सगळ्यात महाग पडलं.

निष्पन्न काय? ठकीचे टॉन्सिल सुपारीएवढे. नाकाच्या मागे अ‍ॅडेनॉइड नावाची त्यांची चुलतबहीण राहते, ती पण फुगलेली. नाकामागून कानाकडे एक नळी जाते, तिच्या तोंडावरच ही बया बसली आहे. लहान मुलांची नळी मुळात आखूड आणि आडवी. पडद्यामागे हवा पोचत नाही, मग तिथे डिंकासारखं पाणी साठतं. म्हणून पोरीला कमी ऐकू येतं, म्हणे. उपाय : ऑपरेशन. १७ तारीख.

पंप दुरुस्त करण्यात केस पिकलेल्या माणसाला बाई नळी चोक कशी होते ते शिकवत होत्या. मी हसून घेतलं. मोठेपणा लागतो.

भिंतीवर कानाचं चित्र होतं. पडद्यामागे तीन हाडं. हातोडा, ऐरण, रिकीब. म्हणजे आत वर्कशॉपच. मग ते माझं खातं झालं.

४ ऑगस्ट
ठकीला ऐकू येत नाही, हे साफ खोटं. ठकी ‘त्यांचं’ ऐकत नाही. आई हाका मारून दमते, ही ढिम्म. शाळेतल्या बाई म्हणतात, लक्ष नाही. मी ‘ठके’ म्हटलं की पहिल्या हाकेला हजर! लहान मुलांशी बोलायचा एक सूर असतो. मायेचा. तो या घरात फक्त मला लागतो.
सौ. म्हणाली, अहो, तुमच्या हाकेला शेजारचे पण ओ देतात.
तिला सुरातलं काही कळत नाही.

६ ऑगस्ट
आज कायमचा निकाल लावला.
बेअरिंग गेलंय की नाही ते मी मीटर न लावता सांगतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीवर, मूठ कानामागच्या हाडावर. बस. या कानावर शून्यातून वर्कशॉप उभं केलं. ठकीला स्टुलावर बसवलं आणि मूठ तिच्या हाडावर टेकवली. खराब मोटार चालू केली. पोरीचे डोळे चमकले! म्हणाली, आबा, आत कुणीतरी खडे चावतंय.
खडे चावतंय! शिकलेल्या फिटरला हे सांगता येत नाही. दुसऱ्या कानाला लावलं, तेच. दोन्ही कान ठणठणीत. डॉक्टरीणबाईंच्या भिंतीवर दहा सर्टिफिकिटं आहेत, पण स्क्रूड्रायव्हर एक नाही.

७ ऑगस्ट
दवाखान्यात फोन करून तारीख रद्द केली. फोनवरची मुलगी म्हणाली, तिच्या आई-बाबांना विचारलंत का? म्हटलं, आई-बाबांना कोण पोसतं ते विचार.
रात्री जेवताना घरात सांगायचं.

८ ऑगस्ट
सांगितलं नाही. सूनबाईंचं डोकं दुखत होतं.

११ ऑगस्ट
चिरंजीवांना वर्कशॉपमध्ये एकट्याला गाठून सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं. मग म्हणाले, पण तिला तुम्हीच सांगा. वाघाच्या पोटी शेळी!

१६ ऑगस्ट
सूनबाईंनी दवाखान्याची बॅग भरली. दोन फ्रॉक, टॉवेल, बाहुली. सांगणं भाग पडलं.
ओरडली नाही. आधी चिरंजीवांकडे पाहिलं. ते मोबाईल बघत होते. मग मला म्हणाली, बाबा, पंप बिघडला तर तुम्ही नवा आणून बसवता. कान कुठून आणणार?
मी शांतपणे माझी टेस्ट समजावून सांगितली. ती मधेच उठून गेली. शिकल्या-सवरल्या माणसांना पुरावा पचत नाही.
दवाखान्याने आता थेट ३० सप्टेंबर दिली आहे. तोवर मी पोरगी बरी करून दाखवतो.

१७ ऑगस्ट
संकल्प : १. रोज मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. २. थंड बंद. ३. सूनबाईंशी गोड बोलणे.

२० ऑगस्ट
गुळण्यांना ठकी पळते. आइस्क्रीम मीच आणलं, रडत होती म्हणून. तिसऱ्याला समोरून प्रतिसाद नाही.

२४ ऑगस्ट
ठकीला सर्दी. आणि मला एकदम उलगडा झाला. हा तर एअरलॉक! पाइपात हवा अडकली की आम्ही उलटं प्रेशर देतो. पोरीला म्हटलं, नाक गच्च दाब, तोंड मीट, फुंकर मार. जोरात! आणखी जोरात!
म्हणाली, कानात टक् झालं.
टक् झालं म्हणजे वाट मोकळी होतेय. दिवसातून चारदा करायचं ठरवलं. खेळ म्हणून. आईला सांगायचं नाही, गंमत आहे.

२६ ऑगस्ट
ताप. डावा कान धरून रडतेय. सूनबाई म्हणाली, आत्ता निघायचं. मी म्हटलं, सर्दीचा कान आहे, कोरडा शेक द्या, उद्या बघू. चिरंजीव म्हणाले, उद्या बघू. बायकोसमोर हा पहिल्यांदा माझ्या बाजूने बोलला.

२७ ऑगस्ट, सकाळ
जिंकलो! ठकी गाढ झोपली आहे. दुखणं गायब. उशीवर पिवळा ओला डाग, कानातून अजून येतंय. चोकअप निघालं! सौ.ला म्हटलं, बघ. पंप घेऊन आलेल्या गिऱ्हाइकालाही सांगितलं. तो म्हणाला, तुम्ही डॉक्टर व्हायला हवं होतं. माणूस पारखी आहे.

२७ ऑगस्ट, संध्याकाळ
पडदा फाटला आहे. आत पू दाटला होता, त्याने वाट काढली. म्हणून दुखायचं थांबलं.
डॉक्टरीणबाईंनी एक लोखंडी चिमटा वाजवून ठकीच्या कानामागच्या हाडावर टेकवला. ऐकू येतंय? हो. मग कानासमोर धरला. आता? नाही. बाई म्हणाल्या, हाडावरचा आवाज मधला कान टाळून सरळ आत जातो. हाडावरून येतो आणि हवेतून येत नाही, याचा अर्थच मधली वाट बंद आहे.
म्हणजे माझी टेस्ट बिनचूक होती. निष्कर्ष तेवढा उलटा निघाला.
बाईंनी विचारलं, सर्दीत जोरात नाक दाबून फुंकत होती का? ठकीने माझ्याकडे पाहिलं. गंमत आहे म्हणून गप्प बसली.
मीही बसलो.

२८ ऑगस्ट
ठकीने आईला सांगितलं. सूनबाई स्वयंपाकघरातून आली. चहा ठेवून गेली, तो गार होता.

३० सप्टेंबर
ऑपरेशन झालं. टॉन्सिल काढले, अ‍ॅडेनॉइड काढलं. उजव्या पडद्यात बारीक नळी बसवली, तिचं नाव ग्रोमेट. पॅनेलच्या भोकात वायर घासू नये म्हणून आम्ही रबराचं बसवतो ते ग्रोमेट! हे तिथे सांगायला हवं होतं. पण मला नेलं नाही. वर्कशॉप कोण बघणार, असं चिरंजीव म्हणाले. नजर खाली होती.
डाव्या पडद्याचं भोक बुजलेलं नाही. मोठी झाल्यावर आणखी एक ऑपरेशन. तोवर त्या कानाने कमीच.

९ ऑक्टोबर
उजवा कान उघडला! ठकीला फ्रिजची घरघर ऐकू येते. चपलांचा आवाज ऐकून कोण आलं ते सांगते. आईने स्वयंपाकघरातून हळूच हाक मारली, ही खेळ टाकून धावली. सूनबाई ओट्याला टेकून रडली.
मी ठरवलं आहे, आता पोरीला वर्कशॉपमध्ये बसवून आवाज ओळखायला शिकवायचं. तिचा-माझा सूर जुळलेला आहेच.

१२ ऑक्टोबर
रात्री जेवताना म्हटलं, ठके, मीठ दे गं. नेहमीच्या मायेने म्हटलं.
तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. मग आईच्या कानाशी लागून काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. सौ.ला विचारलं, काय म्हणते?
सौ. म्हणाली, विचारतेय, आबा पहिल्यापासून एवढे ओरडतात का?
सूनबाईंनी मीठ माझ्यापुढे सरकवलं. ठकी ताट उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.