बोटीचं रुखवत

मंजूचे बाबा,

‘प्रिय’ लिहायला गेले आणि हात अडला. ‘अहो’ आणि ‘मंजूचे बाबा’ एवढ्यावर आपला सगळा संसार झाला. आता कागदावर ‘प्रिय’ लिहिलं तर तुम्हीच म्हणाल, का झालं व हिले!

काल बोट पाण्यात उतरली. तिथे जे झालं ते तुम्हाला सांगायलाच बसले आहे, कारण या विषयावर दुसऱ्या कोणाशी भांडू? तुमचे धाकटे बंधू, आपले बंडूभाऊजी, कालपासून अंगणातल्या बाजेवरून उठत नाहीत. मंजू सकाळीच अकोल्याला रफिकभाईंच्या दोर-अवजारांच्या दुकानात गेली. जाताना दारातून म्हणाली, “रविवारी मी पुन्हा बोट नेऊन राहिली. मी येईपर्यंत ठरवून ठेव, हाव का नाही.” माझ्या डोळ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिनं. म्हणजे संध्याकाळच्या आत मला उत्तर शोधायचं आहे, आणि तुम्ही फोटोत हसत बसला आहात!

बोट काय घ्यायची होती हो तुम्हाला? संत्र्याच्या बागेत जन्म गेला तुमचा. लोक म्हातारपणी चारधामला जातात, तुम्ही कोकणात जाऊन जुनी बोट ठरवून आलात. तीही साधी नाही, तर झोपायला दोन बाकं, स्वयंपाकाला कोपरा, डोक्यावर छप्पर असलेली. मी डोक्याला हात लावला तर तुम्ही म्हणालात, “शोभे, धरणाच्या पान्याखाली माह्यं गाव हाय. त्याच्यावर एक रात झोपाचं हाय मले. बस.”  मी लग्न होऊन आले ती पुनर्वसनाच्या गावठाणात. तुमचं जुनं गाव मी पाहिलंच नाही.

परवानग्यांचे कागद तुम्ही हिंडून हिंडून पुरे केलेत. मंजूला बोट चालवायला शिकायला कोकणात पाठवलंत. आणि मग हिवाळ्यात एका सकाळी बागेत पाणी द्यायला गेलात ते परत आलाच नाहीत. एवढी घाई कशाची होती? चहा गाळून ठेवला होता मी.

तेरवी झाली आणि पाठोपाठ बोट दारात आली. ट्रेलरवाला खाली उतरून विचारतो, “काका कुठं आहेत? त्यांना दाखवूनच उतरवायची आहे.” मी हार घातलेल्या फोटोकडे बोट दाखवलं. त्या माणसानं चपला काढल्या आणि ओसरीवर बसून राहिला. मला मात्र त्या क्षणी तुमचा इतका राग आला की रडूसुद्धा आलं नाही.

मग पोळ्याचे बैल बघायला यावेत तशी माणसं बोट बघायला येऊ लागली. बंडूभाऊजी रोज एकच बोलायचे, “वयनी, हे धूड इकून टाका. पान्यातली वस्तू वावरात ठेवून काय करता? एकच पोरगी हाय तुमाले.” ते चुकीचं बोलत होते असं मला कधीच वाटलं नाही. पण मंजू रोज संध्याकाळी शिडी लावून बोटीत चढायची आणि काहीतरी पुसत, घासत, कसत बसायची. तुम्ही गेल्यापासून ती घरात तोंड उघडत नव्हती, बोटीत मात्र गुणगुणायची. मी खालून ऐकायची. मग कोणत्या तोंडानं विका म्हणणार?

शेवटी मीच म्हटलं, सजवायची तर नीट सजवू. दोघी अकोल्याला गेलो. रफिकभाईंनी तुमचं नाव निघताच दुकानातला पोरगा बाजूला सारून स्वतः दोर मोजले. मी सवयीनं सुताच्या दोराला हात घातला तर म्हणाले, “भाभी, सूत भिजलं का फुगते अन् कुजते. ये नायलॉन लो. पर एक बात हाय, हे गुळगुळीत हाय. गाठ नीट सांभाळून मारा.” मंजूनं पाणी उपसायचा पंप घेतला, बॅटरी घेतली, आग विझवायचं नळकांडं, शिट्ट्या, औषधांची पेटी घेतली. नांगर बोटीसोबत आलाच होता.

आणि मी काय केलं असेल? तुम्ही ओळखलंच असणार. शेगडी, तवा, विळा, पितळी डबे, खलबत्ता, ज्वारीचं पीठ, जवसाची चटणी, लोणच्याची बरणी, दोन गाद्या, चार चादरी, वर एक गोधडी. मंजू कपाळावर हात मारून म्हणाली, “आई, हे बोट हाय का रुखवत?” मी म्हटलं, तुझं लग्न होईल तेव्हा होईल, तोवर हिचंच मांडू दे. आम्ही दोघी कितीतरी दिवसांनी हसलो. जड सामान सगळं एकाच अंगाला लावलंय हे मात्र तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

आता खरी गोष्ट. जॅकेटं.

पाण्यात तरंगवणारी ती तीन केशरी जॅकेटं तुम्ही जिवंतपणीच मागवली होती. एक माझं, एक मंजूचं, एक तुमच्या मापाचं ढगळ. तुम्ही ती प्लास्टिकच्या पन्नीसकट एकावर एक ठेवून सुतळीनं बांधून कपाटावर ठेवलीत. तुमच्या घरात नव्या वस्तूची पन्नी कधी निघाली आहे का? टीव्हीचा रिमोट अजून पन्नीत आहे. गाडीच्या सीटची पन्नी उन्हानं तडकली तर तुम्ही तिला चिकटपट्टी लावली होती! बोटीतल्या बाकाखालच्या पेटीला कडी-कोयंडाही तुम्हीच कोकणात उभं राहून मारून घेतलात. तो बोटवाला हसला होता, असं मंजू सांगते. हसणारच. बोटीत कोणी कुलूप लावतं का?

तर मी ते पुडकं तसंच्या तसं त्या पेटीत ठेवलं आणि कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. अंगणात माणसांची ये-जा, धूळ, उगाच मळतील. मंजू म्हणाली होती, “पन्नी काढून बाहेर अडकव.” मी म्हटलं, पाण्यात उतरेल त्या दिवशी काढू.

काल ट्रॅक्टरनं बोट धरणाच्या काठाशी नेली. रफिकभाई खास अकोल्याहून आले होते. मी हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, बोट हळूहळू पाण्यात सरकली आणि तरंगली. इतकी देखणी दिसली हो! विका विका म्हणणारे बंडूभाऊजी सगळ्यांच्या आधी आत चढले. त्याआधी बोट काठावरच्या खुंट्याला बांधलीही त्यांनीच, बैल बांधतात तशी, एका झटक्यात सुटणारी गाठ मारून. जन्मभर त्यांची ती गाठ आपोआप कधी सुटली नाही. पण ती सुताच्या दाव्यावर. हा दोर नायलॉनचा.

मंजू म्हणाली, बांधलेल्या बोटीतच आधी इंजिन तपासते, मग जॅकेटं घालून निघू. मी काठावर प्रसादाचं खोबरं करत होते. इंजिन सुरू झालं, बोटीला हिसका बसला आणि गाठ सर्रकन निघाली. दोर पाण्यात पडला, इंजिनच्या पात्यात गुंतला, आणि इंजिन बंद. एवढं सगळं मी खोबऱ्याचा एक तुकडा कापेपर्यंत झालं.

नेमका त्याच वेळी वारा सुटला. काठाकडून आत, पाण्याच्या दिशेनं. बोट आमच्या डोळ्यांसमोर निघून चालली. आडवी झाली, आणि माझं रुखवत ज्या अंगाला होतं त्या अंगाला कलली. डबे गडगडल्याचा आवाज काठापर्यंत आला. भाऊजींना पोहता येत नाही. ते उभे राहिले, छपराला धरून ओरडायला लागले, तशी बोट आणखी झुकली.

“काका, खाली बसा! बसा म्हणतो ना खाली!” मंजूचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आणि मग ती माझ्याकडे वळून ओरडली, “आई, किल्ली!”

किल्ली माझ्या कमरेला होती. मी पाण्यात गुडघ्यापर्यंत गेले होते, हातात ती किल्ली उंच धरून. तिला दाखवत होते की काय करत होते, देवाला माहीत. फेकली असती तर तळाला गेली असती. पाण्यात पुढे जावं तर मला कुठे पोहता येतं? अहो, माझी पोरगी माझ्यासमोर दूर जात होती आणि तिचा जीव माझ्या कमरेला खोचलेला होता!

रफिकभाईंनी मला दंडाला धरून मागे ओढलं आणि ओरडले, “बेटा, किल्ली छोड! कुलूप तोड!”

ती बाकाखाली वाकली. मग नुसता घणाघाती आवाज. नंतर कळलं, खलबत्त्याचा बत्ता घेऊन तिनं तुमचा कडी-कोयंडाच उपटून काढला. पुन्हा दिसली तेव्हा दातानं पन्नी फाडत होती. एक जॅकेट भाऊजींच्या डोक्यातून घातलं, पट्टे ओढले, त्यांना तळाशी बसवलं. मग दुसरं स्वतः घातलं. मग नांगर टाकला. नांगर लागतोय की नाही, लागतोय की नाही! आणि मग बोटीनं एक गचका खाल्ला, तोंड वाऱ्याकडे फिरवलं आणि थांबली.

बाकी सगळं तिनं सावकाश केलं. डबे दुसऱ्या अंगाला सारले, इंजिन वर उचललं, विळ्यानं दोर कापून काढला. वारा पडेपर्यंत वाट पाहिली आणि बोट काठाला आणली. मी तिला मिठी मारायला धावले तर ती बाजूला झाली. खांद्यावर पन्नीची चिंधी लोंबत होती.

गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, “तुले बोट नकोच होती न आई? म्हणून कुलूप लावलं होतं?”

उत्तर तिला नाही, तुम्हाला देते. हो, नको होती मला बोट. तुम्ही गेलात आणि ती आली, म्हणून नको होती. पण कुलूप त्यासाठी नव्हतं. त्या पुडक्याची सुतळी तुमच्या हातची होती हो. तुम्ही बांधलेली घरातली ती शेवटची गाठ, मला सोडवत नव्हती. एवढीच गोष्ट. आणि त्यापायी काल तुमची मुलगी गेली असती. माझी तर चूक झालीच, पण तुमचीही झाली. जीव वाचवायची वस्तू कोणी पन्नीत घालून ठेवतं का? तुम्ही समोर असता तर काल मी तुम्हाला सगळ्या गावादेखत बोलले असते.

आज सकाळी भाऊजींना चहा दिला. तुमचं ते ढगळ जॅकेट अजून अंगात होतं, रात्री काढून ठेवलं होतं म्हणे, सकाळी पुन्हा चढवलं. बशीत चहा ओतला, पण प्याले नाहीत. म्हणाले, “वयनी, मी इका म्हनलं होतं. अजूनबी तेच म्हनतो, मले भेव लागते. पन पोरीनं पयले मले घातलं हो. सोताले नाही. मले घातलं.” आणि एवढा मोठा माणूस बाजेवर बसून रडायला लागला.  मी पण रडले. त्या हिवाळ्यात रडायचं राहिलेलं सगळं काल-आज निघालं.

इथवर लिहिलं आणि उठून मंजूला फोन केला. संध्याकाळची वाट बघत बसवेना. ती दुकानातच होती, मागे रफिकभाई कोणाशी तरी बोलत होते.

मी म्हटलं, “हाव.”

रफिकभाईंचा आवाज लांब गेला, ती दुकानाबाहेर आली असावी.

“त्या गाठीपायी कुलूप लावलं होतं गं. तुझ्या बाबांनी बांधलेलं पुडकं मला सोडवत नव्हतं.”

ती मग बारीक आवाजात म्हणाली, “मले सांगाचं नं व आई मग.”

“आणि रविवारी मी पण येते.”

“कुठं?”

“बोटीत. काठावर उभी राहून मी पुन्हा नाही बघायची. काही होवो, तुझ्याजवळ असेन.”

“तुले पोहता येते का?”

“नाही.”

“मग नुसती माह्याजवळ येऊन काय करशीन? आधी पान्यात पडाले शीक,” ती म्हणाली. “जॅकेट घालून पडाचं, अन् पडल्यावर हातपाय नाही झाडाचे. तेवढं आलं का घेऊन जातो तुले, तोवर बोट बी थांबते. अमरावतीले पोहाच्या तलावावर सकायी बायांची येळ असते. उद्यापासून नेतो. अन् साडीत जमत नाही, सांगून ठेवतो.”

तेव्हा मंजूचे बाबा, तुम्हाला शब्द देते. तुमच्यासमोर मी कधी पंजाबी ड्रेस घातला नाही. उद्या मंजूचा घालून बायकांच्या त्या रांगेत उभी राहीन. नाकातोंडात पाणी जाईल, मी किंचाळेन, पोरीबाळी हसतील. तरी पडेन. परवा पुन्हा पडेन. पाणी मला उचलून धरतं यावर माझा विश्वास बसेपर्यंत पडत राहीन. मग तुमच्या गावावर आम्ही दोघी एक रात्र झोपू.

तुम्ही तिकडे काळजी करत बसू नका. मी करते आहे, तेवढी दोघांना पुरेल.

तुमचीच,
शोभा