चौदावा नंबर

सदाशिव पेठ, पुणे

ती. ताई, तुला माझा नमस्कार.

मी बरी आहे, दोन्ही वेळा जेवते. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही म्हणून लिहिते आहे. तुझा गुडघा कसा आहे?

काल ह्यांच्याबरोबर फोटो काढायला जाणारे आमोद आले होते. ह्यांच्या फुलपाखरांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवताहेत. नाव ठरवलंय 'संयम'. म्हणाले, "वहिनी, एकेका कोशापुढे तीन-तीन तास बसायचे हो! श्वाससुद्धा रोखून."

मला संतापच आला. ह्यांच्या छातीत दुखत होतं त्या दिवशी दवाखान्यात आमचा नंबर चौदावा होता. नववा आत गेला आणि हे उठले. "किती वेळ बसायचं? कढीपत्त्यावरचा कोश आज फुटेल. उद्या येऊ." फुलपाखराचा फोटो मिळाला. संध्याकाळी हे गेले. किड्यासाठी तीन तास होते ग, स्वतःसाठी पाच माणसांपुरता वेळ नव्हता!

आमोदना म्हटलं, "प्रदर्शन खुशाल करा. पण नाव बदला, नाहीतर एकही फोटो मिळणार नाही." चहा तसाच ठेवून गेले.

दवाखान्यातून ह्यांच्यामागे मीही पर्स उचलून निघाले, 'बसा' एवढंही म्हटलं नाही, हे मात्र आमोदना सांगितलं नाही.

भावोजींना नमस्कार सांग.

तुझी,
मंदा