मायव्होरपासून बचाव

१० फेब्रुवारी, मंगळवार
बस्स झालं. मायव्होरबरोबर एकाच वॉर्डात नर्स म्हणून काम करायचं, तर आपली कातडी आपणच वाचवायला हवी. बाई कामात भलतीच ढिसाळ. औषधांच्या ट्रॉलीवर कॉफीचा कप! मी टोकलं, तर म्हणे, तोर्गनी, तूही घे घोटभर, कपाळावरच्या आठ्या जातील.

११ फेब्रुवारी
आमच्याकडे ड्युटी बदलताना बोलायचं नाही, असा नियम आहे. जाणाऱ्याने संगणकावर लिहायचं, येणाऱ्याने वाचायचं. नियम जणू माझ्यासारख्या काटेकोर माणसासाठीच केलाय. कपाबद्दल दीड पान लिहिलं.

१३ फेब्रुवारी, दुपार
मायव्होरने ते वाचलं. शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या, त्याही हसत हसत. डोकंच फिरलं.

१५ फेब्रुवारी
नामी युक्ती! तिने लिहिलेलं वाचायचंच नाही. वाचलं की तिच्या चुकांत आपलाही हात आला. न वाचणारा कायम नामानिराळा. मी वकील व्हायला हवं होतं.

१६ फेब्रुवारी
म्हातारा हादार खुब्याच्या दुखण्याने कळवळतोय. ऑपरेशन बुधवारी. सारखा मायव्होरलाच हाका मारतो. भोळा आहे बिचारा.

१७ फेब्रुवारी, सेमला मंगळवार
सकाळी ड्युटीवर येताच हादारला मलई भरलेला सेमला पाव दिला. आज सणाचा दिवस, सगळा देश हा पाव खातो, मग त्यानेच का उपाशी राहायचं? मिटक्या मारत खाल्ला. मायव्होरला सुचलं असतं का हे?

संध्याकाळ
ऑपरेशन बुधवारऐवजी आजच ठेवलं होतं. काल हादार झोपल्यावर निरोप आला होता. त्याला उपाशी ठेवायचं, असं मायव्होरने लिहून ठेवलं होतं. ऑपरेशन रद्द. आता शुक्रवारी. तोवर त्याने कळ सोसायची. वाईट वाटलं, अगदी मनापासून. पण बाईने ठळक अक्षरांत लिहायला काय झालं होतं? ठळकच होतं, म्हणे.

१८ फेब्रुवारी
वॉर्डप्रमुख सोल्वेगने दोघांना बोलावलं. बचावाचं भाषण पाठ होतं. तोंड उघडणार, तेवढ्यात मायव्होर म्हणाली, नियम गेला खड्ड्यात, हा वाचत नाही हे मला दिसत होतं, मी तोंडाने सांगायला हवं होतं. माझं भाषण पार वाया गेलं.
सोल्वेगने विचारलं, हादारची माफी कोण मागणार? मी बुटांकडे बघत बसलो. मायव्होर उठली. मीही गेलो, दारापर्यंत. आत ती त्याला म्हणत होती की आमचं चुकलं. आमचं, म्हणाली. लाज वाटली. आत मात्र गेलो नाही.