दुधासाठी दिलेला अंगठा

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुम्हाला उलट बोलायला हरकत नाही. तुमच्या हयातीत मी एकदाच उलट वागले आणि त्याची माफी मागितली नाही. आजही मागत नाहीये, ते आधीच सांगून टाकते.

एकाहत्तर-बहात्तर साल असेल. आपण मुलुंडला दोन खोल्यांत राहतो, तुम्ही तुरुंगाच्या दवाखान्यात कंपाउंडर आणि मी घाटकोपरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. एका मोठ्या डॉक्टरांना रक्तवाढीच्या नव्या गोळीचा अभ्यास करायचा असतो आणि बायकांची बराक त्यांना फार सोयीची वाटते. सगळ्याजणी एका जागी, खाणं एकसारखं, जाणार कुठे? नोंदी करायला मुलगी हवी म्हणतात, तर तुम्ही लेकीचं, म्हणजे माझं, नाव पुढे करता. मला नवीकोरी वही आणून देता. "माझा चेडू संशोधनात आसा," हे शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणता. खोटं कशाला बोलू, मीही हवेतच असते.

तुरुंगात काहीही मिळालं की अंगठा द्यायचा, ही तुमच्याकडची रीत. साबणाची वडी मिळाली, अंगठा. लुगडं मिळालं, अंगठा. अभ्यासातल्या बायकांना रोज पेलाभर दूध मिळणार होतं, म्हणून पहिल्या दिवशी तुम्ही दुधाच्या पातेल्याशेजारीच टेबल मांडलंत. एकेक बाई शाईत अंगठा बुडवून कागदावर उमटवायची आणि पेला उचलून पुढे सरकायची. कागदावर लिहिलं होतं की मी राजीखुशीने या गोळ्या घेत आहे. बायकांना वाटलं, दूध मिळाल्याचा अंगठा. तुम्ही त्यांना फसवत नव्हता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. अंगठा घेताना विचारायचं असतं, हे तुमच्या सगळ्या नोकरीत कधी आडवं आलंच नव्हतं. पण निम्म्या गोळ्यांत औषधच नाही, तुलनेसाठी त्या रिकाम्या ठेवल्या आहेत, हे डॉक्टरांनी मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. रांगेत एक पोटुशी बाई आली, नखं पांढरीफटक. तिचा अंगठा शाईवर टेकणार तेवढ्यात मी कागद उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचून दाखवला. रिकाम्या गोळ्यांचंही सांगितलं आणि विचारलं, द्यायचा का अंगठा?

"म्हणजे हा दुधाचा कागद नाय?" ती म्हणाली. "गोळी नाय घेतली तर दूध बंद करणार ना, ताई?"

"नाही करणार," मी म्हणाले. कुणाला न विचारता.

मग ती नको म्हणाली, तिच्या मागची नको म्हणाली, आणि बघता बघता सगळी रांगच नको म्हणाली. डॉक्टरांनी गाशा गुंडाळला. गोळ्या गेल्या आणि दूधही गेलं. आपण घरी आलो. आई भाकऱ्या थापत होती, तिच्यासमोर तुमचा बांध फुटला. "तुका कोणी सांगल्यान इचारूक? मोठी शाणी झालंस! अर्ध्यांका तरी औषध गावला असता. आता कोणाकच नाय!" त्यानंतर महिनाभर तुम्ही माझ्याशी आईमार्फत बोललात.

वरिष्ठांसमोर तुमची मान खाली गेली, याचं मला वाईट वाटतं. विचारल्याचं वाटत नाही. पुढे मी याच कामात शिरले, आणि गंमत बघा, आता संशोधनाच्या बैठकीत तरुण डॉक्टर मला सांगतात, "मॅडम, जेल नकोच. कैद्यांची संमती खरी कशी मानायची? उगाच भानगड." तुम्ही न विचारता अंगठा घेत होता, हे न विचारता वगळतात. आतल्या माणसाला विचारायचा कंटाळा दोघांनाही सारखाच. मी मात्र जाते. बराकीत जमिनीवर बसते, कागद वाचते आणि उत्तर दुसऱ्या दिवशी मागते. जे काही द्यायचं ते हो म्हणणारीला आणि नाही म्हणणारीला सारखंच देते. मागे एकदा बायकांना विचारलं, कशाचा अभ्यास करू? तर म्हणाल्या, "महिन्याच्या कापडाचं बघा आधी." ते बघितलं. म्हातारी भांडकुदळ आहे म्हणतात माझ्या मागे. आहेच.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून एवढं लिहिते. त्या रांगेची गोष्ट मी भाषणांत पुष्कळदा सांगितली आहे आणि टाळ्याही घेतल्या आहेत. त्यातलं एक सांगत नाही. त्या दिवशी रिकाम्या गोळ्यांचं मी दोनदा सांगितलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांत औषध आहे हे एकदाच, तेही भरभर. दर "नको"ला मी बायकांकडे नाही, तुमच्याकडे बघत होते. आणि त्या पोटुशीला, बाई, तुला खरं औषध हवंय का, हे मीही विचारलं नाही.