हॅरोमियरच्या किल्ल्यातली रांग

प्रिय विनीताईस,

हिल्डाचा वाकून नमस्कार (वाकणं मनातल्या मनात, गुडघा ऐकत नाही). तुझा खोकला, तुझं मांजर आणि तुझ्या काचघरातले टोमॅटो ठीक असतील अशी आशा आहे. इकडे पाऊस आहे, म्हणजे सगळं नेहमीसारखंच.

ताई, काल मी हॅरोमियरचा किल्ला सर केला! आमच्या बागमंडळाची बस गेली होती. बाकीचे तोफा बघत बसले, क्लेमेंट (नवरा कसला, पोटच ते) थेट चहाच्या खोलीत लोणी-मुरंबा लावलेल्या स्कोनला शरण गेला. माझा डोळा मात्र तटावर चढलेल्या त्या काळपट जांभळ्या गुलाबावर. आमच्या गावात तो कुणाकडेच नाही. तो माझ्या अंगणात फुलला, की प्रदर्शनातला आमच्या मंडळातल्या पेटिफरबाईंचा चषक गेलाच समज. (दरवर्षी त्याच नेतात. त्यांच्या हातून पुदिनासुद्धा मरतो आणि गुलाब मात्र असे फुलतात, कसे ते देव जाणे!)

पर्समध्ये कात्री आणि ओला रुमाल होताच (नाक मुरडू नकोस, मोठ्यांच्या बागेतली काडी नेणं ही चोरी नव्हे, कौतुक आहे, हे आईनेच शिकवलंय). लोक पांगायची वाट बघत मी वेलीपाशी उभी राहिले. तर पांगायचं सोडून लोक माझ्या मागे उभे राहायला लागले! त्यांना वाटलं, ही उभी आहे म्हणजे काहीतरी मिळत असणार. सगळ्यांत पहिल्या कोण? पेटिफरबाई! बघता बघता रांग कारंज्याला वळसा घालून गेली. कशाची रांग, हे विचारणं असभ्य आणि सोडून जाणं मूर्खपणाचं, म्हणून सगळे निमूट भिजत उभे.

इतक्यात चिखलाचे बूट घातलेली एक म्हातारी रांगेच्या शेवटी येऊन उभी राहिली. किल्ल्याची मालकीणच गं! बाग स्वतःची, पण मधे घुसणार नाही. "कशाची हो रांग?" हा तिचा प्रश्न तोंडातोंडी पुढे सरकत आला. पेटिफरबाईंनी माझा खांदा ठोकला. "अहो हिल्डाबाई, कशासाठी ताटकळत ठेवलंयत आम्हाला?" माझ्या तोंडून खरं तेच निघून गेलं, "गुलाबाच्या काडीसाठी." उत्तर तसंच मागे गेलं. आता तळघरात कोंडणार, या खात्रीने मी डोळे मिटले. मालकीणबाई मात्र एकेकाची माफी मागत पुढे आल्या आणि हसत म्हणाल्या, "एवढी माणसं शिस्तीत उभी आहेत म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं?" खिशातून कात्री काढून वाटायला सुरुवात! पहिली काडी माझी! ताई, मी त्यांचा चिखलाचा हात आनंदाने दाबतच राहिले. दुसरी पेटिफरबाईंची. माझ्यापेक्षा वीतभर लांब.

तुझी,
हिल्डा

ता. क. सोबतच्या डब्यात काडी आहे. तुझ्या काचघरात रुजव. पत्र खरं तर त्यासाठीच (खोकल्याची काळजी आहेच).

ता. क. पेटिफरबाईंच्या कानावर यातलं काही जाऊ देऊ नकोस.

ता. क. हे पाकिटावर लिहितेय, टपाल कचेरीच्या रांगेतून. माझ्यापुढे पेटिफरबाई आहेत. हातात ओला डबा, त्यावर तुझा पत्ता. "दरवर्षीचंच आहे हो," म्हणाल्या, "तुमच्या ताईंच्या हाताला यश आहे!" ताई, उलट टपाली एवढंच कळव. तू बहीण नक्की कुणाची?